सहा व्होल्टची कॉइल

आमच्या जयेंद्रगंजातल्या घराच्या अंगणात मी जितकी मोटारींची इंजिनं ऐकली, तितकं गाणं-बजावणं ऐकलं नाही. हे कौतुकानं सांगत नाही. मला त्याची आवड नव्हती. यांना ऐकू येत नव्हतं म्हणून मी ऐकत होते, एवढंच.

हे दरबारच्या मोटरखान्यात सुपरवायझर होते. कॉलेजात सायन्स शिकलेले, मग मुंबईला एका वर्कशॉपात उमेदवारी करून आलेले. उज्जैनहून लग्न होऊन मी ग्वाल्हेरला आले तेव्हा यांचा रुबाब होता. बाड्याच्या चौकातून मोटार गेली की लोक ती कुणाची हे बघायचे, आणि हे ती कशी चालली आहे ते बघायचे. माझ्याशी बोलताना मात्र कधीकधी भलतंच उत्तर देत. मी विचारावं भाजी कुठली आणू, आणि यांनी म्हणावं, हो, साडेसहाला येतो. पहिले काही महिने मला वाटलं, माझ्याकडे लक्ष नाही. मग कळलं की डावा कान जवळजवळ गेला आहे आणि उजवाही त्याच वाटेवर आहे. सायलेन्सर काढलेल्या इंजिनांपाशी वर्षानुवर्षं उभं राहून तो गेला होता.

ही गोष्ट आम्ही दोघांनी झाकून ठेवली. मोटारीच्या माणसाचा कान गेला म्हणजे काय, ते सांगायला नको. मोटरखान्यात हे हातानं आणि डोळ्यांनी निभावून नेत. बॉनेटवर तळवा ठेवून थरथर ओळखत, प्लग काढून त्याचं तोंड वाचत. अवघड गाडी असली की काहीतरी निमित्त काढून ती घरी आणत.

इंजिन मिस करतं आहे, म्हणजे चारांतला एक सिलिंडर काम टाकतो आहे, तर तो कुठला, हे शोधायची यांची रीत सोपी होती. इंजिन चालू ठेवायचं. लाकडी मुठीचा पेचकस एकेका प्लगच्या टोकाला लावून त्याचं पातं इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचं. की त्या प्लगचा करंट ठिणगी न पाडता लोखंडात उतरतो आणि तेवढा सिलिंडर बंद होतो. चालता सिलिंडर बंद केला तर इंजिन लगेच अडखळतं. आधीच बंद असला तर आवाजात काही फरक पडत नाही. जिथे फरक पडत नाही, तिथे दोष. हे पेचकस टेकवत आणि माझ्याकडे बघत. मी मान हलवली की पुढचा प्लग. मी हात वर केला की हे पेचकस खाली ठेवत आणि तो प्लग काढून बघत. काळी कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त जातं आहे किंवा ठिणगी कमजोर आहे. तेलकट असला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. पांढराफटक पडून टोक झिजलेलं असलं तर प्लग त्या इंजिनाला पेलत नाही, जास्त थंड जातीचा घ्या. प्लगमध्येही गरम आणि थंड अशा जाती असतात, हे ऐकून मला हसू आलं होतं. गावातल्या गावात हळूहळू हिंडणाऱ्या गाडीला गरम, लांब पल्ल्याला थंड, असं हे समजावून सांगत. सांगताना फार मोठ्यानं बोलत. त्यांना स्वतःचा आवाज किती मोठा आहे ते कळत नसे.

मग संस्थान विलीन झालं आणि मध्यभारत झालं. लोकांनी त्यावर पुष्कळ लिहिलं आहे, मला त्यातलं राजकारण कळत नाही. आमच्या घरात एवढंच कळलं की ग्वाल्हेरचा माणूस आणि इंदूरचा माणूस आता एकाच खात्यात येणार आणि खुर्च्या कमी असणार. माधवगंजातल्या, आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांतली कर्ती माणसं, कुणाला ठेवायचं याची तपासणी होऊन, घरी बसली. आजोबा-पणजोबांपासून दरबारची चाकरी केलेले लोक ते, दुसरं काही येत नव्हतं. यांनी त्या दिवसांत तोंड उघडायचंच बंद केलं. बोललं नाही म्हणजे चुकीचं उत्तर जात नाही. साहेबलोकांना वाटलं, गंभीर माणूस आहे. नोकरी राहिली.

त्याच सुमारास माझी धाकटी बहीण बाळंतपणाला माझ्याकडे आली. आमचे आईवडील राहिले नव्हते, तिला माहेर म्हणजे माझंच घर. ती इंदूरला दिलेली. तिचा नवराही मोटारींच्याच खात्यातला, इंदूरच्या वर्कशॉपात. मीच ते स्थळ पाहिलं होतं. दोघे साडू एकाच धंद्यातले, आपसात पटेल, असं माझ्या मनात होतं. तिचं पहिलं बाळंतपण अडलं, फार हाल झाले. मी तिचं सगळं केलं. शेक-शेगडी, अळिवाची खीर, बाळाचं न्हाणं, काही बाकी ठेवलं नाही. पुढे ऊन खायला ती बाळाला घेऊन अंगणाच्या पायरीवर बसू लागली, आणि तिथेच तिनं आम्हां दोघांना एका मोटारीपाशी पाहिलं. हे पेचकस टेकवताहेत आणि मी मान हलवते आहे.

संध्याकाळी स्वयंपाक करताना तिनं विचारलं, "ताई, भाऊजींना ऐकू येत नाही ना?"

मी पोळी लाटत राहिले. नाही म्हणणं शक्य नव्हतं, ती काही लहान नव्हती. मी म्हटलं, "तुला दिसलं ते दिसलं. पण हे घराबाहेर जाऊ देऊ नकोस. नोकरीचा प्रश्न आहे."

"मी कुणाला सांगणार?" ती म्हणाली.

नंतर खात्याची पुन्हा मोडतोड झाली, आणि ग्वाल्हेर आणि इंदूर दोन्ही वर्कशॉपांवर एक अधिकारी नेमायचा ठरला. तो नेमला गेला धाकटीचा नवरा. वयानं यांच्याहून बराच लहान. पण मंत्रिमंडळात त्या वेळी ग्वाल्हेरची चलती होती की इंदूरची, ते गावातला टांगेवालाही सांगू शकला असता. घरी आला की तो वाकून नमस्कार करायचा, जेवायला बसला की यांना पहिलं वाढा म्हणायचा. खात्यात मात्र यांना उभं ठेवायचा. हे आल्यावर सांगत नसत, मला दुसऱ्यांकडून कळायचं.

राजधानीचं तेव्हा असं होतं की हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. वर्षातून दोनदा सगळी कचेरी उचलायची. फायलींचे ट्रक, बाबूंच्या पेट्या, साहेबांच्या मोटारी, सगळं शिवपुरी, गुना, देवास करत आग्रा-मुंबई रस्त्यानं जायचं आणि पुन्हा यायचं. मोटारी दोन संस्थानांतून गोळा झालेल्या. इंदूरकडच्या बऱ्याचशा अमेरिकन, सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या. आमच्याकडच्या बहुतेक विलायती, बारा व्होल्टच्या. नव्या साहेबानं ठरवलं की सामान एकाच प्रकारचं घ्यायचं, म्हणजे कोठारात गोंधळ नको आणि खरेदी एकदम होते. प्लग एक जातीचे, कंडेन्सर एक जातीचे, कॉइलही एक जातीची. ती आली सहा व्होल्टची.

हे जन्मात कधी साहेबाच्या खोलीत आपणहून गेले नव्हते, ते गेले. बॅटरीचे व्होल्ट वाढवून ठिणगीच्या लायक करते ती कॉइल. सहा व्होल्टची कॉइल बारा व्होल्टच्या गाडीला लावली तर तिच्यातून दुपटीनं करंट वाहतो. गार आहे तोवर ठिणगी चांगली जाडजूड, निळीशार पडते. गाडी एका झटक्यात सुरू होते, बघणारा खूश. पण कॉइल तापत जाते, करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट जळतात, आणि दोन-अडीच तास गेले, त्यात चढ आला, की इंजिन मिस करायला लागतं. मग बंदच पडतं. थांबून गार होऊ दिलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नव्हतं. हे सगळं यांनी त्याला समजावून सांगितलं.

त्यानं एक विलायती गाडी यार्डात आणवली, नवी कॉइल लावायला लावली आणि सगळ्यांसमोर सुरू करून दाखवली. इंजिन सुरेख चाललं. हे म्हणाले की गार इंजिनावर कुठलीही कॉइल चालेल, गाडी शिवपुरीच्या वाटेवर मोहन्याच्या पुढे नेऊन आणा आणि मग कॉइलला हात लावून बघा. त्यावर तो जे बोलला ते यांनी मला त्या दिवशी घरी आल्यावर शब्दाला शब्द सांगितलं, कारण ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

"तुम्हां लोकांना संस्थानाची चैन लागली आहे. प्रत्येक गाडीला वेगळं, लाडाचं सामान. आता ते दिवस गेले."

मी म्हटलं, मग तुम्ही लेखी द्या. हे म्हणाले, साडूविरुद्ध लेखी देऊ? आणि उद्या त्यानं मला डॉक्टरपुढे उभं केलं तर? तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. त्याला कान माहीत आहे का, असं मी विचारलं. यांनी उत्तर दिलं नाही. ऐकू आलं नाही की द्यायचं नव्हतं, कोण जाणे.

उन्हाळा लागला आणि कचेरी निघाली. त्या खेपेला एका विलायती गाडीत मालखात्याचे एक वयस्क अधिकारी आणि त्यांच्या बाई होत्या. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलंच मराठी कुटुंब, आमच्या बऱ्यापैकी ओळखीचं. यांनी ड्रायव्हरला बाजूला घेऊन सांगितलं की कॉइलवर ओलं फडकं गुंडाळून ठेव, वाळलं की भिजव, चढावर रेटू नको. त्या ड्रायव्हरनं ते केलंही. पण शिवपुरी सोडल्यावर पाणी संपलं. दोन्हीकडे नुसता खडक आणि बाभळी. गाडी मिस करायला लागली, धक्के खात चालली आणि एका चढावर उभी राहिली. गार होईना, कारण हवाच भट्टीसारखी. मागून येणारा ट्रक वाटेत पंक्चर होऊन अडकला होता. ती दोघं म्हातारी नवरा-बायको भर दुपारभर एका बाभळीखाली बसून राहिली. अधिकाऱ्यांना लू लागली, उष्माघातच झाला. शिवपुरीच्या दवाखान्यात नेलं, जीव वाचला, पण पुढे तोंड वाकडंच राहिलं आणि ते कामावर परत गेले नाहीत.

चौकशी बसली. साहेबानं जबाब दिला की कॉइल नवी होती आणि यार्डात सर्वांसमक्ष चालवून पाहिली होती. दोष असेल तर गाडी निघण्याआधी तपासणाऱ्याचा आहे. तपासणारे हे. यांनी व्होल्टचा हिशेब सांगितला. समितीतल्या कुणाला तो कळला, कुणाला नाही. मग साहेबानं सांगितलं की ज्या माणसाला इंजिनाचा आवाजच ऐकू येत नाही, त्याला ते मिस करतं आहे हे कळणार कसं?

पुढचं मला यांनी कितीतरी वर्षांनी सांगितलं, तेही एका वाक्यात. आम्ही जेवत होतो. हे म्हणाले, "त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून नावानं हाक मारली म्हणे. मी वळलो नाही."

झालं. कॉइलचा प्रश्न तिथेच मिटला. डॉक्टरी कारणावरून यांना घरी बसवलं. त्यानंतर बारा व्होल्टच्या गाड्यांना गुपचूप बारा व्होल्टच्या कॉइली लागल्या, हेही मला कळलं. पण गावात एवढंच राहिलं की मोटरखान्यातल्या बहिऱ्या माणसामुळे एक सज्जन माणूस कायमचा अधू झाला. त्या अधिकाऱ्यांच्या बाई मला माधवगंजातल्या देवळात दिसायच्या. मी समोरून आले की त्या प्रदक्षिणेची वाट बदलायच्या. त्यांना मी काय सांगणार? तुमच्या नवऱ्याला कॉइलनं अधू केलं, माझ्या नवऱ्यानं नाही, असं देवळात उभं राहून सांगायचं?

धाकटीला मी काही कळवलं नाही. तिनंही विचारलं नाही. संक्रांतीला तिच्याकडून हलव्याचा डबा आला, तो मी आणणाऱ्या माणसालाच देऊन टाकला. दुसऱ्या वर्षी डबा आला नाही.

आम्ही अंगणात काम सुरू केलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे मी सगळ्यांदेखत उभी राहू लागले. पहिल्यांदा लोक हसले. बाईमाणूस मोटारीशी कान लावून उभी, हे त्यांना तमाशासारखं वाटे. मग मुरारच्या छावणीतले दोघे-तिघे ड्रायव्हर नेमानं यायला लागले आणि हसणं बंद झालं. हे सांगत, कॉइल घेताना नुसता आकार बघू नका, व्होल्ट विचारा. कंडेन्सर स्वस्तातला घेऊ नका, पॉइंट जळतील. प्लग बदलण्याआधी त्याची गॅप तपासा, पुष्कळदा तेवढंच असतं. लोक मान डोलावत आणि बाजारात जाऊन दुकानदार देईल ते घेत. यांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटे.

मग मध्यभारतही गेलं. मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली, तिथे मात्र कायमची. ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांना कुलपं लागली. बाबूंची बिऱ्हाडं ट्रकांतून भोपाळला गेली. जयेंद्रगंजात दिवसाढवळ्या शुकशुकाट असे. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मोटारी त्यांच्या साहेबांबरोबर निघून गेल्या. आणि खात्याची पुन्हा नवी मांडणी झाली त्यात धाकटीचा नवराही भरडला गेला. नागपूर-जबलपूरकडचे, विंध्यकडचे लोक सेवेत जुने निघाले, हा त्यांच्या खाली गेला. ज्या इंदूरच्या जोरावर तो चढला होता ते इंदूरच बाजूला पडलं. त्याला ग्वाल्हेरला पाठवलं, एका लहानशा डेपोवर. मुरारला भाड्याचं घर घेऊन ती दोघं राहिली. मला आनंद झाला, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

काही दिवसांनी धाकटी टांगा करून एकटीच आली. मी तिला बसायला पाट दिला, पाणी दिलं. ती इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली की त्यांनी एक जुनी मोटार घेतली आहे, ती फार मिस करते, डेपोतल्यांना दोष सापडत नाही. भाऊजी बघतील का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी विचारलं, "तू सांगितलंस त्यांना. कानाचं."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "नवरा-बायकोत घरातलं बोलणं होतं, ताई. ते तिथे जाऊन बोलतील असं मला वाटलं नव्हतं."

"पण बोलल्यावर? त्यानंतर तू काय केलंस?"

तेव्हा तिनं मान वर केली. "काय करणार होते? आणि खोटं होतं का ते?"

खोटं नव्हतंच ते. मी उठून आत गेले. बाहेर धाकटीनं यांच्या कानाशी मोटारीचं सांगितलं असावं, हे मोठ्यानं म्हणाले की आणू दे, बघतो.

तो मोटार घेऊन आला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं. यांच्या पाया पडला. यांनी बॉनेट उघडलं, इंजिन सुरू करायला सांगितलं, पेचकस घेतला आणि सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी घरात गेले आणि दार लावून घेतलं.

दार जुनं, फटी पडलेलं. मला आतून सगळं ऐकू येत होतं. पहिल्या प्लगला पेचकस टेकला, इंजिन अडखळलं. दुसऱ्याला टेकला, अडखळलं. तिसऱ्याला टेकला आणि आवाज तसाच राहिला. चौथ्याला पुन्हा अडखळलं. तिसरा. फक्त हात वर करायचा होता. मी तांदूळ निवडायला घेतले.

हे दुपारपर्यंत खपत होते. चारी प्लग काढले, पुसले, वाचले. तिसरा काळा निघाला तेव्हा त्यांना सिलिंडर कळला. नवा प्लग घालून पाहिला, तरी तो काळाच. मग तारा एकेक करून अदलून बदलून पाहिल्या. शेवटी प्लगांना करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून उन्हात धरली, तर आतून केसासारखी चीर गेलेली होती आणि तिच्यात काजळीची रेघ भरलेली होती. करंट त्या रेघेतून पळत होता. टोपी बदला, याच गाडीची घ्या, दुसरी बसवून घेऊ नका, एवढं यांनी सांगितलं.

निघताना तो यांच्या कानाशी वाकला आणि एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाशी बोलावं तसा ओरडला, "फार उपकार झाले तुमचे." शेजारच्या बायका गच्चीवरून बघत होत्या. हे हसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

ते हसणं मला सहन झालं नाही. तो गेल्यावर मी यांच्या समोर जाऊन, ओठ दिसतील अशी उभी राहिले आणि विचारलं, त्याच्या पाठीवर हात कशाला ठेवलात?

"मला ऐकू येत नव्हतं, हे खरंच होतं ना," हे म्हणाले.

मी म्हटलं, "कॉइल चुकीची होती, हेही खरंच होतं. ते कुणी कबूल केलं?"

हे हात धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी एक ट्रक आला, त्याला मी नेहमीसारखी उभी राहिले.

यांना जाऊन बरीच वर्षं झाली, धाकटीचा नवराही गेला. त्याच्या समाचाराला आलेल्या लोकांत कुणीतरी मला म्हणालं की तुमच्या यजमानांचं ते शिवपुरीच्या रस्त्यावरचं प्रकरण दुर्दैवी झालं. त्या माणसालाही माहीत होतं ते फक्त बहिरेपण. धाकटी मुरारला मुलाकडे असते. त्याच मुलाला मी अंगणात न्हाऊ घातलं होतं, आता तो मराठीत सुरुवात करून हिंदीत संपवतो. सणावाराला ती येते. मी चहा करते, ती भाज्यांचं, सुनांचं, गुडघ्यांचं सांगते. लोक म्हणतात, दोघी बहिणीच उरलात, मागचं सोडून द्या. धाकटी गेली की कपबशा विसळून ठेवते. माझ्या मनातून ते गेलेलं नाही, आणि जावं असं मला वाटतही नाही.